पांढरी सहा

गुरुवारी सकाळी पावणेनऊला दारावरची घंटा वाजली, आणि चुकीची वाजली. मी हातातला कप खाली ठेवला. आमची घंटा जुनी, वडिलांनी बसवलेली. लाकडी पेटीत दोन पितळी पट्ट्या, बटण दाबलं की वरची वाजते, सोडलं की खालची. चव्वेचाळीस वर्षं तिनं काळी पाच आणि काळी तीन या सुरांखेरीज तोंडातून अक्षर काढलेलं नाही. आज ती म्हणाली, पांढरी सात, पांढरी पाच. दार उघडलं तर पाण्याचं मीटर बघणारा. "मीटर," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते होईल, आधी परत एकदा बटण दाबा बघू." त्यानं दाबलं. पांढरी सात, पांढरी पाच. "असं नाही, जरा थांबून सोडा." त्यानं थांबून सोडलं. "बिघडलीये का?" "तुम्ही दाबा हो." चौथ्या खेपेला तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी मुकाट्यानं त्याला मीटर दाखवलं, आणि तो गेल्यावर स्टुलावर चढून पेटी उघडली. पितळ जिथल्या तिथे, धूळ जिथल्या तिथे. पितळ आपण होऊन चढत नाही. मी स्टुलावरच उभी राहिले, कारण पांढरी सात, पांढरी पाच हे शब्द मी या घरात पूर्वी ऐकले होते. घंटेबद्दलच ऐकले होते, आणि त्या वेळी मी हसले होते.

वडील पियानो सुरात लावायचे. शहरातली निम्मी घरं, तीन शाळा आणि मोठ्या सभागृहातला नऊ फुटी पियानो त्यांच्या हाताखालचा. सुरांची इंग्रजी नावं त्यांना येत नव्हती अशातला भाग नाही, पण घरात ते पट्ट्याच मोजायचे. पांढऱ्या सात, काळ्या पाच, झालं तुझं जग, यापलीकडे कुणी काही शोधलेलं नाही. चार वर्षांची असताना मी न बघता पट्टी ओळखते हे त्यांच्या लक्षात आलं आणि मग माझी सुटका नव्हती. चमचा पडला, कुठली? बस थांबली, कुठली? आत्या शिंकली, कुठली? आत्या चिडायची. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. लोकांना लाल दिसतं तेव्हा ते लाल म्हणतात, कोणाशी ताडून बघत नाहीत. तशी मला पांढरी सहा ऐकू येते तेव्हा ती पांढरी सहा असते. या कानाच्या जिवावर मी एकतीस वर्षं शहराच्या गायकवृंदात खालच्या पट्टीच्या बायकांत उभी आहे. आवाज बरा आहे, बराच, पण त्याच्यासारखे तिथे आणखी नऊ आहेत. माझं खरं काम वेगळं. वाद्यांच्या साथीशिवाय गायचं असलं की पहिला सूर मी देते, हलकेच, ओठ मिटून, नुसता डोक्यातून काढून. बाकीचे वृंद त्यासाठी नादकाटा वापरतात, तो दोन पायांचा पोलादी तुकडा, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की पांढरी सहा देणारा. आमच्याकडे तो नाही. आमच्याकडे मी आहे, म्हणून मला सगळे काटा म्हणतात. काटा आला का, काटा काय म्हणतो, काट्याचा घसा बसलाय, आता संपलंच. मला हे आवडतं, मी खोटं का बोलू? एकसष्टाव्या वर्षी एखाद्या बाईला पोलादाचा मान मिळत असेल तर तिनं तो घ्यावा.

स्टुलावरून उतरून मी पियानोपाशी गेले, डोळे मिटले आणि बोटानं चाचपडत पांढरी सहा दाबली. काळी पाच वाजली. डोळे उघडले, बोट पांढऱ्यावर. पुन्हा मिटले, पुन्हा काळी. सगळीकडे हेच, प्रत्येक सूर शेजारच्या घरात राहायला गेलेला, अर्धा सूर वर, बिऱ्हाडासकट. मी एक जुनी चाल वाजवून बघितली, बोटांना पाठ असलेली. बोटं एक वाजवत होती आणि कान दुसरंच ऐकत होते. मग मला बुधवार आठवला आणि मी अक्षरशः कपाळावर हात मारला. बुधवारी संध्याकाळी मी जुन्या संगीताच्या मंडळींबरोबर गाते. सहाजण, तीनशे वर्षांपूर्वीच्या घडणीची वाद्यं, पियानोचा पणजोबा हार्पसिकॉर्ड, आतड्याच्या तारा, आणि सगळं त्या काळच्या रिवाजानं अर्धा सूर खाली लावलेलं. माझ्यासारखीला हा छळच. बारा वर्षं मी तिथे कागदावर एक वाचत होते आणि कानाला दुसरं ऐकू येत होतं, घरी येऊन डोकं धरून बसायचे. आणि काल ते एकदम थांबलं. या हंगामातल्या पहिल्याच तालमीला हार्पसिकॉर्डवालीनं सूर दिला आणि तो जागच्या जागी बसला. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, बारा वर्षांनी का होईना, झाली मला सवय." ती म्हणाली, "मग आज चहा तुझ्याकडून." मी सहाजणांना चहा पाजला. कान अर्धा सूर सरकला म्हणून अर्धा सूर खाली लावलेली वाद्यं मला बरोबर वाटत होती, एवढाच त्याचा अर्थ. सवय कसली, वय झालं होतं नुसतं.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि गाण्यातलं त्याला एवढंच कळतं की टाळ्या मधेच वाजवायच्या नाहीत. तो ऐकत होता, कपाचा कान पुसत होता. मग म्हणाला, "म्हणजे नंबर लागला." मी म्हटलं, "अहो, थट्टा नाही." "थट्टा कुठे करतोय? रोज दहा माणसं येतात, म्हणतात बोर्डच धूसर छापलाय. बोर्डाला काय झालंय! किती लागला?" "अर्धा." "अर्धाच ना. मग लाव चष्मा." मी म्हटलं, कानाला चष्मा नसतो. तो म्हणाला, "तुमच्यात तो काटा असतो की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काटा मी आहे. मी त्याला सांगितलं की मला काही लावायची गरज नाही, साधा हिशोब आहे. डोक्यात येईल त्याच्यापेक्षा अर्धा वर द्यायचा, जगाची पांढरी सहा म्हणजे आता माझी काळी पाच, संपला विषय. "बरं," तो म्हणाला. त्याचं बरं ऐकलं की गिऱ्हाईक निमूटपणे चष्मा घेतं, हे मी दुकानात पाहिलेलं आहे.

रविवारी दुपारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता, गायकवृंद आणि शहराचा वाद्यवृंद, नेहमीच्या पट्टीतला. सुरुवात आमची. एकटे चाळीस गळे, साथ नाही. साडेचार मिनिटांनी आमचा शेवटचा सूर हवेत असतानाच त्याच सुरावर ओबो, ते सनईच्या जातीचं वाद्य, येतो, एकटा, आणि त्याच्यामागून सगळी वाद्यं. सांधा दिसता कामा नये. आमच्या संचालकाला आम्ही मास्तर म्हणतो, कारण कंडक्टर म्हटलं की सगळ्यांना तिकीट आठवतं. मास्तरनं त्या सांध्यासाठी महिनाभर आमचा जीव खाल्ला होता. शुक्रवारी वाद्यांबरोबर पहिली तालीम. मास्तरनं माझ्याकडे बघून भुवई उचलली, मी मनात पांढरी सहा आणली, मनातच तिला उचलून काळी पाचवर ठेवायला गेले, आणि एकतीस वर्षं माझ्याविरुद्ध उभी राहिली. चढवताना पाय अडला. निघाला तो मधलाच कुठला तरी सूर, ना धड माझा ना जगाचा, पाव भाग खालीच राहिलेला. चाळीसजणांनी तो घेतला. शंका कोण घेणार? आम्ही सुरेख गायलो, अगदी एकजीव, आणि शेवटी ओबो आला तो आमच्या सुरावर कचकन आपटला. पुढच्या रांगेतल्या एकीनं दातावर हात ठेवला.

मास्तरनं थांबवलं. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो ओबोकडे वळला. ओबोवाली नवी, या हंगामापुरती परीक्षेवर घेतलेली, तिशीची, सडपातळ. तालमीच्या आधी कोपऱ्यात बसून ओबोची वेताची जिभली पात्यानं तासत असते आणि कुणाशी बोलत नाही. "चढलीस," मास्तर म्हणाला. ती म्हणाली, "नाही मास्तर. यंत्र बरोबर दाखवतंय." तिच्या स्टँडवर आगपेटीएवढं सूर मोजायचं यंत्र होतं, त्याचा हिरवा दिवा मला दिसत होता. मास्तर हसला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यंत्राचं कौतुक इथे सांगू नकोस बाई, इथे काटा उभा आहे." वाद्यवृंद हसला. "सभागृह तापलंय, ओबो चढलाय. खाली ये." तिनं जिभली बाहेर ओढली, सूर उतरवला, मागच्यांनी तारा उतरवल्या, सत्तर वाद्यं माझ्या चुकीत येऊन बसली आणि दुसऱ्या खेपेला सांधा जुळला. "बघा!" मास्तर म्हणाला. तिनं यंत्र बंद करून पेटीत टाकलं. तिचे कान लाल झाले होते. मी वहीचं पान उलटलं, जिथे उलटायचं नव्हतं तिथे.

ओबो चढलाय. हे शब्दसुद्धा माझ्या ओळखीचे होते. त्याच सभागृहात, मी तीस वर्षांची, वृंदात नवी; संध्याकाळी पियानो आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम आणि दुपारभर वडील त्या नऊ फुटी जनावराच्या पोटात डोकं घालून बसलेले. एव्हाना त्यांनी नादकाटा वापरणं सोडलं होतं. नादकाटा बिघडलाय म्हणायचे. पोलाद बिघडतं होय बाबा, मी विचारायची, आणि ते म्हणायचे, सगळंच बिघडतं. वाद्यं जुळवायची वेळ आली तेव्हा पियानो सगळ्यांच्या खाली निघाला. ओबो खाली येऊन येऊन किती येणार? वडील म्हणाले, "ओबो चढलाय." ओबोवाला म्हातारा होता, तो तडकला. लोक दारात यायला लागले होते. तेव्हाच्या मास्तरनं सभोवार बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं, "ए, तुझा कान म्हणे फार पक्का. तू सांग, कोण बरोबर?" वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना अजिबात धास्ती नव्हती, हे मला आजही स्वच्छ दिसतं. आता पोर सांगेल आणि मिटेल, असा चेहरा. मी म्हटलं, "पियानो उतरलाय." खरं तेच होतं. त्यांनी किल्ल्या एकेक करून पिशवीत भरल्या, पियानोवर बोटांचे ठसे उमटले होते ते बाहीनं पुसले आणि मागच्या दारानं गेले. त्या संध्याकाळी पियानोशिवाय दुसरंच काहीतरी वाजवलं गेलं आणि वडिलांनी पुन्हा कुणाचा पियानो लावला नाही.

ते त्यानंतर आठ वर्षं होते. मला कधी टाकून बोलले नाहीत. पण घंटा वाजली की विचारायचे, "कुठली ग?" मी म्हणायची, "काळी पाच, काळी तीन." ते म्हणायचे, "मला पांढरी सात, पांढरी पाच." पुन्हा आठवडाभरानं तेच. मला वाटायचं हट्ट आहे, हरलेल्या माणसाचा. एकदा मी हसून म्हटलं, "बाबा, आता तरी सोडा." ते म्हणाले, "खोटं कसं सांगू ग? येतं तेच सांगतो." म्हणजे ते हटून बसलेच नव्हते. ते मला विचारत होते. त्यांना घरात एकच माणूस होतं जे त्या कानाचं होतं, आणि ते त्याला आठ वर्षं विचारत राहिले की तुझ्याकडे आलं का ग हे, की मी एकटाच आहे? शनिवारी दुपारी मी पियानोपाशी बसून रडले, चांगली मोठ्यानं, नवरा दुकानात होता म्हणून. मग उठून तोंड धुतलं. मला आयुष्यात फार वेळ खचून बसता आलेलं नाही, अंगातच नाही ते. वडिलांच्या हत्यारांचा खण ओढला. किल्ल्यांच्या खाली, पिवळ्या फडक्यात नादकाटा होता. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. काळी पाच. मी त्याला म्हटलं, तू बिघडलेला नाहीस, ठाऊक आहे मला.

रविवारी मी तासभर आधी गेले. ओबोवाली तिच्या कोपऱ्यात, मांडीवर रुमाल, जिभली तासत बसलेली. मी तिच्याजवळ खुर्ची ओढली. "परवा तू बरोबर होतीस," मी म्हटलं. तिनं पातं थांबवलं नाही. "माहीत आहे मला." मला ती तिथेच आवडली. "मग पुढे का बोलली नाहीस?" "तुमच्यासमोर? ताई, मला इथे नोकरी हवीये." मग तिनं वर बघितलं. "तुम्हाला तेव्हा कळलं होतं?" "पहिल्या सुराला." "मग तुम्ही का नाही बोललात?" मी म्हटलं, "घाबरले." ती म्हणाली, "आज पण मला उतरवायला लावणारेत. मास्तरांचा सकाळी फोन आला होता, यंत्र घरी ठेवून ये म्हणाले." "यंत्र काढ बाहेर," मी म्हटलं.

आवाज मोकळे करायला सगळे रंगमंचावर जमले तेव्हा मी रांगेतून पुढे आले. एकतीस वर्षांत मी रांग सोडलेली नाही, त्यामुळे आपोआप शांतता झाली. "मास्तर, परवा ओबो चढला नव्हता. मी उतरले होते." तिसाव्या वर्षी जो शब्द मी वडिलांवर टाकला तोच, आणि तो स्वतःवर घेताना मला वाटलं होतं तेवढा जड लागला नाही. मास्तर म्हणाला, "ताई, काहीतरीच काय! सर्दीबिर्दी झाली असेल." "सर्दी नाही. माझा कान अर्धा सूर सरकलाय. वयानं सरकतो. वडिलांचा सरकला होता, तेव्हा कुणाला कळलं नाही, मलासुद्धा नाही. ती बरोबर होती, तिच्या यंत्राचा दिवा हिरवा होता, मी इथून बघितला होता आणि गप्प बसले." मास्तरचा चेहरा उतरला, त्याला ओबोवालीपेक्षा सांध्याची काळजी होती हे मी समजू शकते. तो हळूच म्हणाला, "मग आता सूर कोण देणार?" मागून कुणीतरी म्हणालं, ओबोच देऊ दे की. तिनं खांद्याला झटका देऊन मान हलवली, नको म्हणून, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सूर मीच देणार. एकतीस वर्षं मीच देते." आणि पिशवीतून पिवळं फडकं काढलं. पुरुषांच्या रांगेत एक दाढीवाला आहे, त्याला गप्प बसवत नाही, तो म्हणाला, "काट्यानं काटा आणला!" सगळे हसले, मीही हसले. मास्तर ओबोवालीपाशी जाऊन काहीतरी पुटपुटला. तिनं मान डोलावली आणि यंत्र स्टँडवर लावलं.

तीन वाजता सभागृह भरलेलं. मास्तरनं भुवई उचलली. मी नादकाटा गुडघ्यावर आपटला, लोकांदेखत, आणि कानाशी धरला. काळी पाच. माझ्या हाडांपर्यंत काळी पाच; ही देऊ नकोस, चूक आहे, अंगातला कण न कण सांगत होता. वडिलांच्या अंगातही हेच ओरडत असणार, त्या दुपारी, पियानोच्या पोटात, आणि त्यांनी अंगाचं ऐकलं. कुणीही ऐकलं असतं. मी ओठ मिटले आणि मला खोटा वाटणारा सूर दिला. चाळीस गळ्यांनी तो उचलला. साडेचार मिनिटं मी माझ्या मते चुकीच्या पट्टीत गात होते, आणि गाताना मला कळलं की हेही जमतं, डोळे बांधून ओळखीच्या घरात चालायला जमतं तसं, फक्त हात पुढे ठेवावा लागतो. शेवटचा सूर आम्ही सोडला नाही, पातळ करत नेला, आणि तो संपला कुठे आणि ओबो सुरू झाला कुठे हे रांगेत उभं राहूनही मला सांगता आलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून वाजवत होती. हिरवा दिवा लागलेला होता आणि तिला त्याची गरज नव्हती.

घरी आले, बूट काढले, नादकाटा पियानोवर ठेवला. खणात परत घातला नाही. अंधार पडायला अजून अवकाश होता, खिडकीतून उन्हाची तिरीप पट्ट्यांवर आली होती, पांढऱ्या आणि काळ्या. नवरा दुकानाचा हिशेब आटोपून यायचा होता आणि नेहमीप्रमाणे किल्ली विसरून गेलेला. घंटा वाजली. मी उठले नाही. वडील बसायचे त्या खुर्चीकडे तोंड करून, स्पष्ट, त्यांना कमी ऐकू यायचं तेव्हा बोलायची तशी मी म्हणाले, "पांढरी सात, पांढरी पाच." पुन्हा वाजली. "हो बाबा," मी म्हटलं, "मलाही." बाहेरून नवरा ओरडला, "अगं, कुणाशी बोलतेयस? दार उघड आधी!" मी म्हटलं, "थांबा जरा. अजून एकदा वाजवा."